जुन्या पिस्तुलाचा जीर्णोद्धार

काही वर्षांपूर्वी कोकणातील एका जुन्या घरी आम्हांला एक ठासणीचे पिस्तूल पाहावयास मिळाले. पणजोबांच्या वेळेपासून ते माळ्यावरील पेटीत पडून होते. घरातील एका हौशी तरुणाने ते खाली काढले, कानशीने घासले, पॉलिश कागदाने पुसले आणि शेवटी फिरत्या बफावर धरून आरशासारखे चकचकीत केले. आम्हांला ते दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर मोठे समाधान होते. आम्ही पिस्तूल हाती घेऊन घोड्याशेजारची पोलादी पट्टी उजेडाकडे धरली. तिच्यावर एक पुसट खळगी तेवढी उरली होती. कंपनी सरकारच्या हत्यारांवर आधी हृदयाच्या आकाराची खूण असे, व १८०८ च्या सुमारास तिच्या जागी मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला. त्या खळगीत हृदय होते की सिंह, की यांपैकी काहीच नव्हते, हे आता ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. शंभर-दीडशे वर्षांच्या गंजाला जे साधले नव्हते, ते एका रविवारच्या उत्साहाने साधले!

त्या तरुणास आम्ही काही बोललो नाही. त्याची भावना प्रेमाची होती, आणि घरातील जुन्या वस्तूकडे ढुंकूनही न पाहणाऱ्यांपेक्षा तो शतपटीने बरा. परंतु तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला आहे. पडून राहिलेली जुनी वस्तू पुन्हा उभी करावयाची, तिच्यात सुधारणा करावयाची, म्हणजे नेमके काय करावयाचे? 'जीर्णोद्धार' हा शब्द आपण सहज वापरतो. त्यातील 'उद्धार' कोणाचा होतो, वस्तूचा की आपल्या हौसेचा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पिस्तुलाचाच इतिहास पाहावा, असे आम्हांस वाटले. कारण दुरुस्ती आणि सुधारणा यांची इतकी लांब परंपरा फार थोड्या वस्तूंना लाभली आहे.

प्रथम चकमकीचे पिस्तूल कसे चालते ते थोडक्यात पाहू. नळीच्या बुडाशी एक बारीक भोक असते. त्यास आपल्याकडे कान म्हणत. कानाबाहेर एक लहानशी वाटी, आणि त्या वाटीत चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक. घोड्याच्या तोंडात गारगोटीचा तुकडा पकडलेला असतो. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, गार पोलादी पत्र्यावर घासते, ठिणग्या रंजकात पडतात, रंजक भडकते, आणि ती ज्वाळा कानातून आत शिरून मग मुख्य बार उडतो. वर्णन करावयास जेवढा वेळ लागतो त्यामानाने हे सारे फार झटपट घडते. परंतु पुरेसे झटपट नव्हे. रंजक भडकणे आणि गोळी सुटणे यांत एक क्षण जातो. शिवाय वाऱ्याने रंजक उडते, पावसाने भिजते, गार झिजते. ही गैरसोय युरोपातील सैन्यांनी दोनशे वर्षे मुकाट्याने सोसली. आपल्याकडेही पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांच्या हाती चकमकीच्याच बंदुका होत्या, आणि पुढे महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तयार झालेली हत्यारेही त्याच जातीची होती.

हा क्षणाचा विलंब ज्याला सोसवेना, तो कोणी सेनापती नव्हता, शस्त्रकार तर नव्हताच. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ बेलहेल्वी नावाचे गाव आहे. तेथील चर्चचा धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फोर्सिथ (१७६८–१८४३) याला दोन छंद होते: पाणपक्ष्यांची शिकार आणि रसायनशास्त्र. त्याची तक्रार साधी होती. रंजकाचा भडका दिसताच पक्षी पाण्यात बुडी मारतात, आणि छर्रे जाऊन पडतात ते मोकळ्या पाण्यावर. १८०० साली एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने पाऱ्याच्या एका स्फोटक क्षाराची माहिती लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. आघात होताच पेट घेणारी अशी द्रव्ये बंदुकीच्या नळीत मुख्य दारू म्हणून वापरण्याचे प्रयत्न झाले, पण त्यांनी बंदुकाच फुटत. फोर्सिथने त्यांचा उपयोग बारासाठी न करता केवळ रंजकाच्या जागी केला. गार गेली, ठिणगी गेली. घोड्याचा एक ठोका आणि बार मोकळा. आपल्या जुन्या शिकारी बंदुकीला त्याने स्वतःच्या हाताने ही नवी कळ बसवली. तिचा आकार अत्तराच्या कुपीसारखा असल्याने तिला तेच नाव पडले. छंदापायी आपल्या हत्यारात केलेली ही दुरुस्ती शस्त्रास्त्रांच्या इतिहासातील एका मोठ्या क्रांतीचे बीज ठरली.

१८०६ मध्ये लॉर्ड मॉइरा या शस्त्रखात्याच्या प्रमुखाने फोर्सिथला लंडनच्या टॉवरमध्ये काम करण्यास जागा दिली. पण पुढच्याच वर्षी मॉइरा अधिकारावरून गेला, त्याच्या जागी लॉर्ड चॅटम आला, आणि फोर्सिथला आपले सामानसुमान आवरून चालते होण्याचा हुकूम मिळाला. फोर्सिथने ११ एप्रिल १८०७ रोजी आपल्या शोधाचे पेटंट घेतले. वाफेच्या यंत्राचा प्रसिद्ध सुधारक जेम्स वॅट याची त्या कामी त्याला मदत झाली. पुढे लंडनमध्ये पिकॅडिलीवर त्याच्या नावाने दुकान निघाले, आणि शिकारी बंदुकांबरोबरच अत्तरकुपीच्या कळीची पिस्तुलेही तेथून विकली जाऊ लागली. सरकारला मात्र शहाणपण सुचण्यास आणखी पंचवीस वर्षे लागली. तोपर्यंत तांब्याची चिमुकली टोपी आली होती. आत स्फोटक द्रव्याचा लेप असलेली ही टोपी नळीच्या बुडाशी असलेल्या चुचीवर बसवावयाची आणि घोड्याने तिच्यावर ठोका द्यावयाचा. आपल्याकडील 'टोपीची' किंवा 'केपाची' बंदूक ती हीच. १८३४ साली वुलविच येथे दोन्ही प्रकार समोरासमोर ठेवून पारखण्यात आले. सहा हजार बारांपैकी चकमकीचे ९२२ बार फुकट गेले. टोपीचे गेले अवघे ३६.

या आकड्यांमागचे मरण कसे असते हे १८४१ च्या मे महिन्यात चीनमध्ये कँटन शहराजवळ दिसून आले. अफूच्या पहिल्या युद्धात कंपनीच्या ३७ व्या मद्रास पलटणीची एक तुकडी धो धो पावसात मुख्य सैन्यापासून तुटली आणि हजारो गावकऱ्यांनी तिला वेढले. शिपायांच्या हाती चकमकीच्या बंदुका होत्या. रंजक भिजले, एकही बार उडेना. संगिनींच्या बळावर ते कसेबसे उभे राहिले. त्यांची सुटका केली ती शोधास निघालेल्या आरमारी सैनिकांनी, आणि त्यांच्या बंदुका टोपीच्या होत्या. एकाच पावसात, एकाच रानात, एकाच सरकारच्या दोन तुकड्या. पण एकीच्या हाती गेल्या शतकाचे हत्यार होते. ते हिंदी शिपायाच्याच वाट्याला का आले, हा प्रश्न श्रोत्यांनीच स्वतःस विचारावा.

आता आपण आमच्या मूळ मुद्द्याकडे येऊ. नवी युक्ती पटली तरी जुनी लक्षावधी हत्यारे टाकून देणे कोणत्याच सरकारला परवडणारे नव्हते. म्हणून जुन्या हत्यारांचेच रूपांतर सुरू झाले. इंग्लंडात, फ्रान्सात, अमेरिकेत सर्वत्र हेच घडले. अमेरिकेच्या सैन्याचे १८३६ च्या नमुन्याचे पिस्तूल हे याचे उत्तम उदाहरण आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये एसा वॉटर्स आणि कनेक्टिकटमध्ये रॉबर्ट जॉन्सन यांनी बनवलेले हे पिस्तूल चकमकीच्या पिस्तुलांतील शेवटचे व सर्वांत देखणे मानतात. त्यापैकी पुष्कळांचा घोडा पुढील वर्षांत बदलण्यात आला, रंजकाची वाटी कापून काढण्यात आली, कान बुजवण्यात आला आणि नळीच्या बुडाशी चुची बसवण्यात आली. अशी पिस्तुले नीट पाहिली तर सर्व काही वाचता येते. वाटीची जागा भरून काढलेला पितळी तुकडा दिसतो, पोलादी पत्र्याच्या स्क्रूचे बुजवलेले भोक दिसते, नव्या घोड्याचा रंग जुन्या पट्टीच्या रंगाशी जुळत नाही. वेताळपंचविशीतल्याप्रमाणे धड एकाचे आणि शिर दुसऱ्याचे! पण हे जोडकाम त्या पिस्तुलाचा दोष नसून त्याचे चरित्र आहे.

पुढे दुसरे रूपांतर आले. सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलाचे पेटंट घेतले. परंतु त्याचे रिव्हॉल्व्हरही ठासणीचेच होते. प्रत्येक घरात पुढून दारू व गोळी ठासावयाची आणि मागून टोपी चढवावयाची. धातूचे तयार काडतूस मागून भरता यावे, तर नळकांडे आरपार पोखरलेले पाहिजे. ही कल्पना रोलिन व्हाइट याने ३ एप्रिल १८५५ च्या पेटंटात बांधून ठेवली. स्मिथ आणि वेसन यांनी प्रत्येक पिस्तुलामागे पंचवीस सेंट देण्याच्या करारावर ते पेटंट घेतले आणि १८५७ पासून आपली लहान काडतुसी रिव्हॉल्व्हरे विकावयास काढली. अमेरिकेचे यादवी युद्ध बव्हंशी टोपीच्या रिव्हॉल्व्हरांनी लढले गेले, याचे एक कारण हा कागद होय. करारात एक गोम अशी होती की, पेटंटाचे रक्षण करण्याचा कोर्टखर्च व्हाइटने सोसावयाचा. तो त्यात बुडाला. पेटंटाची मुदत १८६९ मध्ये संपली. ती वाढवून मागण्याची वाट मोकळी करणारे विधेयक काँग्रेसने संमत केले, पण १८७० च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्याला नकार दिला. युद्धात ज्याने सैन्य चालवले त्याच्याच लेखणीने हे व्हावे, यात एक प्रकारचा न्याय आहे.

मुदत संपण्याची वाट सारे पाहत होतेच. रेमिंग्टन कारखान्याने तर १८६८ मध्येच स्मिथ-वेसन यांना त्यांचा हिस्सा देऊन साडेचार हजारांच्या आसपास जुनी रिव्हॉल्व्हरे काडतुसी करून दिली. कोल्टच्या कारखान्यात चार्ल्स रिचर्ड्स याने १८७१ मध्ये एका युक्तीचे पेटंट घेतले. जुन्या १८६० च्या नमुन्यातील नळकांड्याचा मागचा भाग कापावयाचा, तेथे पोलादी कडे बसवावयाचे, त्यास काडतूस आत सरकवण्यासाठी झडप ठेवावयाची, आणि ठासणीच्या दांड्याऐवजी रिकामी काडतुसे बाहेर ढकलणारा गज लावावयाचा. १८७३ मध्ये कोल्टचे पूर्णपणे नवे काडतुसी रिव्हॉल्व्हर आले, तरी ही कलमी हत्यारे वर्षानुवर्षे कमरेला राहिली. पश्चिम अमेरिकेतील गुराखी व शेतकरी यांना नवे घेणे जड जात होते. गावच्या लोहाराने किंवा बंदूकवाल्याने आपल्या अकलेप्रमाणे केलेली रूपांतरेही आढळतात. येथपर्यंतची दुरुस्ती ही गरजेची दुरुस्ती होती. हत्यार चालावे एवढाच तिचा हेतू होता, आणि आपण केलेला फेरफार लपवण्याचे तिला कारणच नव्हते.

विसाव्या शतकात मात्र दुरुस्तीचा हेतू पालटला. ती छंद झाली. याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे जॉन ब्राउनिंगने योजलेले आणि अमेरिकन सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलेले स्वयंभरणी पिस्तूल. दुसऱ्या महायुद्धात ते कोणी कोणी बनवले पाहा: टंकलेखन यंत्रे करणारी रेमिंग्टन रँड, रेल्वेचे सिग्नल करणारी युनियन स्विच अँड सिग्नल, आणि शिवणयंत्रांची सिंगर. सिंगरने केली अवघी पाचशे. १९४५ नंतर सरकारने या जातीची नवी पिस्तुले घेतलीच नाहीत. १९८५ मध्ये बेरेटाचे पिस्तूल स्वीकारले जाईपर्यंत जुनीच खोलून, धुऊन, जुळवून वापरली. कारखान्यात शेकडो पिस्तुले एकदम उघडली जात, भागांचे ढीग होत, आणि पुन्हा जुळणी होताना वरचा भाग एका कारखान्याचा आणि सांगाडा दुसऱ्याचा असे सर्रास घडे. मूळचा निळसर मुलामा जाऊन करड्या रंगाचा फॉस्फेटचा थर त्यावर चढे. २०१८ पासून ही जुनी पिस्तुले तेथील नागरी नेमबाजीच्या संस्थेमार्फत नागरिकांना विकत मिळू लागली, आणि हौशी लोकांपुढे तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला: घासून नवे करावे, की आहे तसे ठेवावे?

यावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो: हत्यार चालण्यासाठी जन्मले, ते चालते करणे हाच त्याचा मान. झिजलेली कमान बदला, बोटभर मोठा नेम बसवा, नळी नवी घाला, नवा मुलामा द्या. गंज म्हणजे इतिहास नव्हे, गंज हा इतिहासाचा शत्रू आहे. दुसरा पक्ष म्हणतो: मुलामा एकदाच मूळचा असतो. त्यावरील प्रत्येक ओरखडा कोणाच्या तरी हाताचा आहे. तो पुसलात की तुमच्या हाती उरते ते नवे पिस्तूल, आणि तेही निकृष्ट.

पहिल्या पक्षाच्या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. तांबडा, भुसभुशीत गंज हा जिवंत असतो. तो दमट हवेत लोखंड खातच राहतो. तेल लावून, हलक्या हाताने तो काढणे हे कर्तव्यच आहे. पण जुन्या लोखंडावर बसलेला तपकिरी, घट्ट, गुळगुळीत रंग ही वेगळी गोष्ट आहे. तो लोखंडाचा जणू काळाने दिलेला मुलामा आहे. या दोहोंतील फरक न ओळखता कानस उचलणे म्हणजे रोग आणि रोगी यांना एकाच औषधाने संपवणे होय.

परंतु खरा धोका घासण्यापेक्षाही सूक्ष्म आहे. चकमकीच्या अस्सल पिस्तुलाला संग्राहकांच्या बाजारात टोपीच्या रूपांतरित पिस्तुलापेक्षा जास्त किंमत येते. म्हणून काहींनी उलटे रूपांतर सुरू केले. १८४०–५० च्या सुमारास बसवलेली चुची काढावयाची, नवी वाटी व नवा घोडा घडवून बसवावयाचा, त्यावर आम्लाने जुनेपणा आणावयाचा, आणि पिस्तुलाला त्याच्या जन्मकाळाचे रूप द्यावयाचे. वरवर पाहता हा जीर्णोद्धाराचा कळस! वास्तविक यात दोन गोष्टी नष्ट होतात. मूळचा चकमकीचा घोडा तर पूर्वीच गेला होता. आता त्याच्या जागी बसलेला ऐतिहासिक घोडाही गेला. ज्या कारागिराने पावसात भिजणाऱ्या शिपायासाठी तो बदल केला, त्याचे काम खोटे ठरवून आपण एक असा काळ घडवला की जो कधी नव्हताच. पिस्तूल साक्षीदार आहे असे मानले, तर ही साक्षीदाराला पढवण्याचीच रीत झाली.

इंग्लंडात इमारतींच्या बाबतीत हाच वाद एकोणिसाव्या शतकात रंगला होता. जुन्या चर्चांच्या भिंती खरवडून त्यांना 'मूळ' रूप देण्याची लाट आली, तेव्हा विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. खरवडण्याला विरोध करणारी म्हणून तिला थट्टेने 'अँटी-स्क्रेप' हे नाव पडले. तिचे म्हणणे असे की, इमारतीत शतकाशतकांची भर पडलेली असते. त्यांतील एकच शतक खरे आणि बाकीची खोटी असे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आमच्या मते हा न्याय किल्ल्याच्या तटाला जितका लागू आहे, तितकाच वीतभर पिस्तुलालाही लागू आहे.

सुज्ञ छंदिष्टांनी यातून एक मध्यममार्ग काढला आहे, आणि तो आम्हांला पटतो. सुधारणा करावयाची तर ती परत उलटवता येईल अशी करावी. जुना भाग काढला तर तो फेकू नये. तेल लावून, चिठ्ठी बांधून, पेटीत ठेवावा. मूळ धातूला नवे भोक पाडू नये, शिक्का व क्रमांक यांच्या जवळ कानस नेऊ नये. जे केले ते तारीखवार लिहून ठेवावे. नव्याने घातलेल्या भागावर आपली बारीक खूण करावी, म्हणजे पुढच्या पिढीची फसगत होणार नाही. नेमबाजीचीच हौस असेल तर नव्याने बनवलेली प्रतिकृती मिळते. तिच्यावर ती खुशाल भागवावी.

आपल्या देशात हा छंद त्या रूपाने शक्य नाही, आणि त्याचे कारणही इतिहासातच आहे. लिटनच्या कारकीर्दीत १८७८ साली झालेल्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाच्या घरातील हत्यार हा संशयाचा विषय झाला. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याने तो जुना कायदा रद्द केला, परंतु बंदुकीची दुरुस्ती व रूपांतर करणे हे परवान्याचेच काम ठेवले. जुन्या धाटणीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके हत्यार त्या कायद्यातून वगळले आहे, पण केव्हा? दुरुस्ती करूनही ज्याचा बार उडणार नाही, तेव्हा. म्हणजे आपल्याकडे जुन्या पिस्तुलाला घरात राहावयाचे, तर त्याने मुके झाले पाहिजे. कोणाच्या माळ्यावर असे काही निघाले, तर त्याने प्रथम जाणत्या अधिकाऱ्याला व संग्रहालयाला विचारावे, आणि हातातील पॉलिश कागद खाली ठेवावा. आम्हांला तरी या अटीत फारसे दुःख वाटत नाही. मुक्या हत्याराकडून गोळी मिळत नाही, पण साक्ष मिळते. आणि इतिहासाच्या अभ्यासकाला साक्षच हवी असते.

दसऱ्याला आपण शस्त्रांची पूजा करतो. त्या दिवशी घरातील तलवार घासूनपुसून लख्ख करण्याची चाल आहे, आणि पात्यावरील कोरीव अक्षरे दर वर्षी थोडीथोडी त्या राखेबरोबर निघून जातात. किल्ल्यांच्या तटांवर चुन्याच्या जागी सिमेंट चढते, देवळांच्या दगडावर ऑइलपेंट चढतो. हे सारे भक्तीनेच होते, यात आम्हांला शंका नाही. पण भक्तीला डोळे असावेत. कोकणातील त्या घरी निघताना आम्ही त्या तरुणाला एवढेच सांगितले, की पेटीच्या तळाशी धुळीत काही पडलेले असेल तर ते फेकू नकोस. आठ दिवसांनी त्याचे पत्र आले. झटकलेल्या चिंध्यांत त्याला गारगोटीचा एक तुकडा सापडला होता. त्याची एक कड झिजलेली होती, आणि त्याच्याभोवती चामड्याची घडी अजून गुंडाळलेली होती. 'हा धुवायचा की नाही?' असे त्याने विचारले होते. त्याने तो प्रश्न विचारला, यातच आमच्या मते त्या पिस्तुलाचा निम्मा जीर्णोद्धार झाला.